‘सेप्टिक झालं’, पण किती?

वाशीम-रिसोड रस्त्यावरच्या आमच्या रिठदमध्ये ‘सेप्टिक’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तुरीचं धसकट पायात घुसलं आणि पाय सुजला, की ‘सेप्टिक झालं’. बाळंतिणीचे टाके पिकले, ‘सेप्टिक झालं’. बाळाची नाळ ओली राहिली आणि चौथ्या दिवशी ते दूध ओढेनासं झालं, तरी शब्द तोच. पिकलेलं बोट आणि मरणाच्या दारातला माणूस, दोघंही त्याच एका शब्दात बसतात. माझं आयुष्य रक्ताच्या नळ्या हाताळण्यात गेलं, त्यामुळे लोक मला रस्त्यात थांबवून विचारत आले: रक्तात किती पसरलंय, ते तपासून सांगता येतं का हो?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला माणसाला शंभराहून अधिक वर्षं लागली, आणि ते अजूनही अर्धवटच आहे.

डॉक्टर ज्याला सेप्सिस म्हणतात त्यात जंतूंपेक्षा जास्त नासधूस शरीराची स्वतःची प्रतिक्रिया करते. जंतूंशी लढायला निघालेली फौज आपल्याच गावाला आग लावते, म्हणा ना. रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं, फुप्फुसं, यकृत एकामागून एक दगा देतात. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख लोक त्यासह मरण पावले, असा अंदाज २०२० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. रुग्णांपैकी सुमारे २ कोटी तर पाच वर्षांखालची लेकरं होती.

सरळ मार्ग म्हणाल, तर रक्तातला जंतूच पकडावा. थोडं रक्त जंतूंच्या खाद्यात घालायचं, ऊब द्यायची आणि काय उगवतं ते बघायचं. याला कल्चर म्हणतात. पण पेरलेलं उगवायला वेळ लागतो. एक-दोन दिवस तर कुठेच गेले नाहीत. शिवाय खरोखरचा सेप्सिस असूनही कित्येकदा बाटलीत काहीच उगवत नाही, विशेषतः आधीच कुणी अँटिबायोटिकचं इंजेक्शन देऊन ठेवलं असेल तर. आणि आपल्याकडे ते बहुधा दिलेलंच असतं.

म्हणून शास्त्रज्ञांनी आडवाट धरली. गावात रात्री चोर शिरला की तो दिसत नाही, पण कुत्र्यांचं भुंकणं ऐकू येतं. रक्तात असं भुंकणारं काही सापडलं तर ते मोजावं. अडचण अशी, की कुत्री वरातीवरही भुंकतात.

पहिलं असं भुंकणं म्हणजे आपला ईएसआर. पोलंडच्या बिएर्नात्स्कीने १८९७ साली आणि स्वीडनच्या फोरेउसने १९१८ साली स्वतंत्रपणे एक गोष्ट पाहिली: आजारी माणसाचं रक्त उभ्या नळीत ठेवलं तर तांबड्या पेशी लवकर खाली बसतात. वेस्टरग्रेनने १९२१ साली त्याची पद्धत बसवून दिली. तिच्या उंच, बारीक नळ्या स्टँडवर उभ्या केलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. तासाभराने वर किती मिलिमीटर पिवळं पाणी सुटलं ते वाचायचं. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. फक्त नळी जरा कलली, किंवा टेबल हादरत असलं, तरी आकडा फुगतो.

मात्र आमच्या भागात ईएसआरची गंमतच होते. रक्त पातळ असलं, म्हणजे ॲनिमिया असला, की पेशी आपोआप भराभर खाली बसतात. गरोदरपणातही तेच. म्हणजे जिच्याबद्दल सगळ्यात जास्त काळजी करावी त्या अशक्त बाळंतिणीचा ईएसआर कायमच वाढलेला. ती वरात आहे की चोर, हे कळायला मार्ग नाही. त्यात हे रक्त चारेक तासांच्या आत लावावं लागतं. सकाळी गावात काढलेलं आणि दुपारच्या एसटीने शहरात पोचलेलं रक्त त्या कामाचं राहत नाही.

यापुढचा टप्पा न्यूयॉर्कमधला आहे. पेनिसिलिन हातात येण्यापूर्वीचा काळ. रॉकफेलर संस्थेच्या रुग्णालयात ओस्वाल्ड एव्हरी यांच्या भोवतीची मंडळी न्यूमोनियाच्या जंतूचा एकेक घटक वेगळा काढत होती. १९३० साली विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांनी ‘सी’ नाव दिलेला एक घटक रुग्णांच्या रक्तद्रवात मिसळला आणि नळीत साका बसला. यात नवल नव्हतं; जंतूविरुद्ध प्रतिपिंड तयार झाले असतील असं कुणीही म्हटलं असतं. पण प्रतिपिंड आजार ओसरताना वाढतात. इथे उलटं घडत होतं. आजार ऐन भरात असताना साका भरपूर, आणि ताप उतरून माणूस सावरू लागला की साका गायब. शिवाय न्यूमोनिया नसलेल्या, दुसऱ्याच जंतूने आजारी पडलेल्या रुग्णांच्या रक्तातही तो दिसला.

हे प्रतिपिंड नव्हतेच. संकटाच्या पहिल्या तासांत यकृत घाईघाईने रक्तात सोडतं असं ते एक प्रथिन होतं. त्याला ‘सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन’ नाव पडलं, तेच तुमच्या रिपोर्टवरचं सीआरपी. पुढे १९४७ साली मॅकार्टीने त्याचे स्फटिक मिळवले. हाच मॅकार्टी १९४४ साली एव्हरी आणि मॅक्लाउड यांच्यासोबत आनुवंशिकतेचं द्रव्य डीएनए आहे हे दाखवून चुकला होता. आणि ज्या फ्रान्सिसने साका पाहिला, त्यानेच पुढे १९५४ साली पोलिओ लशीची प्रचंड चाचणी चालवली. एका छोट्या प्रयोगशाळेतून किती वाटा फुटाव्यात!

सुरुवातीला सीआरपी मोजायचं म्हणजे केसासारख्या नळीत साक्याची उंची मोजायची. तालुक्याच्या लॅबपर्यंत ते पोचलं लॅटेक्सच्या कृपेने. रबरासारख्या पदार्थाचे डोळ्याला न दिसणारे मणी, त्यांच्यावर सीआरपीला चिकटणारे प्रतिपिंड बसवलेले. काळ्या कार्डावर रक्तद्रवाचा थेंब, शेजारी या दुधाळ पाण्याचा थेंब. काडीने ढवळा आणि दोन मिनिटं कार्ड गोल गोल हलवा. दही फाटल्यासारखे कण दिसले तर पॉझिटिव्ह. साधारण लिटरला सहा मिलिग्रॅमच्या वर सीआरपी असलं की कण दिसतात.

पण मोठ्या संख्येने लॅबमध्ये हे ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहून दिलं जात असे, आणि प्रश्न तर होता ‘किती?’. रक्तद्रव दुप्पट, चौपट, आठपट पातळ करत गेलं तर अंदाज येतो, पण गर्दीच्या वेळी एवढं करतो कोण? आणखी एक मेख आहे. सीआरपी फारच जास्त असेल तर प्रत्येक मणी एकटाच भरून जातो, मणी एकमेकांना जोडले जात नाहीत आणि कण दिसतच नाहीत. सगळ्यात आजारी माणूस नेमका निगेटिव्ह! पातळ करून पाहण्याची सक्ती याचसाठी असते.

नीट आकडा हवा असेल तर दुसरी युक्ती लागते. न्यूयॉर्कच्याच ब्रॉन्क्स भागातल्या रुग्णालयात रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सारी खूण लावून रक्तातलं इन्सुलिन मोजलं. यॅलोबाईंना १९७७ साली नोबेल मिळालं; बर्सन तोवर वारले होते. १९७१ साली स्वीडनमध्ये एंगवाल आणि पर्लमान यांनी किरणोत्साराच्या जागी रंग पाडणारं एन्झाइम वापरलं, ती एलायझा. तत्त्व सोपं आहे. हव्या त्या प्रथिनाला एका बाजूने एका प्रतिपिंडाने धरायचं, दुसऱ्या बाजूने खूण लावलेल्या दुसऱ्या प्रतिपिंडाने. मधलं प्रथिन नसेल तर खूण धुऊन जाते, असेल तर उरते. भाकरीच्या दोन तुकड्यांत पिठलं धरावं तसं.

या बाबतीत विदर्भाने नुसतं बघ्याचं काम केलेलं नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ आणि सहकाऱ्यांनी एलायझाची देशी आवृत्ती बसवली. सेप्सिससाठी नव्हे, हत्तीरोग आणि पुढे क्षयरोगासाठी. त्यांनी खुणेसाठी पेनिसिलिनेज हे एन्झाइम घेतलं. पेनिसिलिनला निकामी करायला जंतू जे हत्यार वापरतात, तेच हे. स्टार्च आणि आयोडिनचा निळा रंग शाळेत आपण सगळ्यांनी पाहिलाय. पेनिसिलिन असलेल्या त्या निळ्या पाण्यात हे एन्झाइम पडलं की रंग उडतो. डोळ्यांनी दिसतं, यंत्राची गरज नाही. आणि रक्त? बोटाला टोचून टिपकागदावर घेतलेला थेंब, वाळवलेला. तो खेड्यातून सेवाग्रामला आणता येत असे. मला या कामाचं नेहमी अप्रूप वाटलं, कारण त्यात रस्त्याचा विचार आधी केला होता.

आता सेप्सिसच्या खऱ्या खुणेकडे येऊ. आपल्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी कॅल्सिटोनिन नावाचं संप्रेरक बनवते. ते तयार होण्याआधी त्याचा ११६ दुव्यांचा लांब कच्चा रेणू असतो, तो प्रोकॅल्सिटोनिन. निरोगी माणसाच्या रक्तात तो जवळजवळ नसतोच. पॅरिसजवळच्या व्हिलझुइफ इथल्या कर्करोग संस्थेत क्लोद बोहुओन आणि मार्सेल असिको यांच्याकडे तो मोजण्याची दोन प्रतिपिंडांची पद्धत होती, थायरॉइडच्या गाठींच्या तपासणीसाठी. तीच पद्धत त्यांनी बालरोगतज्ज्ञ जांद्रेल आणि इतरांसह संसर्ग झालेल्या मुलांच्या रक्ताला लावली. फेब्रुवारी १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले.

आकडे थक्क करणारे होते. गंभीर जिवाणूसंसर्ग असलेल्या १९ मुलांत मिलिलिटरला ६ ते ५३ नॅनोग्रॅम; संसर्ग नसलेल्या २१ मुलांत ०.१ पेक्षा कमी. विषाणूंनी आजारी पडलेल्या २१ पैकी १८ मुलांत तो फार तर दीडपर्यंत. अँटिबायोटिक लागू पडलं की आकडा भराभर खाली. भाजलेल्या नऊ रुग्णांत तो संसर्गाच्या चढउतारासोबत हलत होता. आणि थायरॉइड काढून टाकलेल्या माणसातही तो वाढत होता! म्हणजे हा गळ्यातल्या ग्रंथीचा कारभार नव्हता. मोठ्या संसर्गात शरीरभरच्या ऊती तो रेणू ओतू लागतात, आणि त्याचं कॅल्सिटोनिन करण्याची यंत्रणा त्यांच्याकडे नसल्याने तो कच्चाच रक्तात येतो. पुढच्या वर्षी, १९९४ साली, अमेरिकेत काम करणारे भारतीय वंशाचे डॉ. परेश दंडोना यांच्या गटाने निरोगी स्वयंसेवकांना जंतूंच्या विषाची अल्पशी मात्रा टोचली. चार तासांत प्रोकॅल्सिटोनिन रक्तात दिसू लागलं. सीआरपी त्यामानाने आळशी. त्याला शिखर गाठायला दोनेक दिवस लागतात.

मोजण्याची साधनंही मग पळू लागली. बर्लिनजवळच्या ब्राम्स कंपनीने १९९०च्या दशकात प्रकाश पाडणारी खूण लावलेली चाचणी काढली. तिला दोनेक तास लागत. नंतर तिच्याच क्रिप्टर यंत्राने हा वेळ विसेक मिनिटांवर आणला. त्यात युरोपियम धातूचा अणू एका पिंजऱ्यासारख्या रेणूत कोंडलेला असतो. असे पिंजरे बनवण्याच्या रसायनशास्त्रासाठी फ्रान्सच्या जाँ-मारी लेन यांना १९८७ साली नोबेल विभागून मिळालं होतं. दोन्ही प्रतिपिंड एकाच रेणूवर शेजारी आले तरच विशिष्ट प्रकाश पडतो, म्हणून मधलं धुणंच वाचलं. आणि ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांच्यासाठी पट्टी आली: गरोदरपणाच्या चाचणीसारखी, अर्ध्या तासात रेघ किती गडद ते रंगतक्त्याशी ताडून बघायची. अर्धा, दोन, दहा अशा पायऱ्यांत अंदाज मिळतो.

मग प्रश्न सुटला का? नाही. हे कुत्रं जरा जास्त शहाणं आहे, एवढंच. मोठा अपघात, मोठी शस्त्रक्रिया, भाजणं, यांत संसर्गाशिवायही ते भुंकतं. आणि सगळ्यात मोठी पंचाईत नवजात बाळाची. जन्मानंतर पहिल्या दिवशी निरोगी बाळातही प्रोकॅल्सिटोनिन आपोआप चढतं, चोवीस तासांच्या आसपास शिखर गाठतं आणि दोन-तीन दिवसांत उतरतं. मोठ्या माणसात ज्या आकड्याला डॉक्टर दचकतील, तो आकडा वीस तासांच्या बाळात साधा असू शकतो. म्हणून आपल्याकडच्या नवजात कक्षांत एका आकड्यावर कधीच भिस्त ठेवली गेली नाही. पांढऱ्या पेशी, त्यातल्या कोवळ्या पेशींचं प्रमाण, बारीक नळीतला ईएसआर आणि सीआरपी, असं कडबोळं करून दोन किंवा अधिक गोष्टी बिघडल्या तर संशय धरायचा. हा ‘सेप्सिस स्क्रीन’ स्वस्त आहे आणि मला विचाराल तर शहाणपणाचा आहे.

प्रोकॅल्सिटोनिनचा खरा उपयोग ठरला तो वेगळ्याच ठिकाणी. औषध सुरू करायला त्याची वाट पाहू नये, असं २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनाने सुचवलं; औषध कधी थांबवायचं हे ठरवायला ते मदत करतं. फ्रान्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ६२१ रुग्णांच्या अभ्यासात, रोजच्या आकड्यावर नजर ठेवल्याने अठ्ठावीस दिवसांतले अँटिबायोटिकविना दिवस ११.६ वरून १४.३ झाले. ब्रिटनमध्ये २७६० रुग्णांवर झालेला, २०२४ च्या अखेरीस आलेला अभ्यास जरा उत्साह आवरतो: सरासरी एक दिवसाहून थोडी कमीच बचत, आणि सीआरपीवर विसंबून तीही नाही. पण आपल्या देशात एक दिवससुद्धा हलका नाही. दिल्लीतल्या तीन रुग्णालयांतल्या नवजात बालकांचा अभ्यास २०१६ साली आला, त्यात ॲसिनेटोबॅक्टर या जंतूच्या पाचपैकी चार नमुन्यांवर अनेक गटांतली औषधं चालेनाशी झाली होती.

तुम्ही म्हणाल, हे सगळं व्हिलझुइफ आणि बर्लिनचं झालं. ज्या गावात यंत्र नाही, पट्टी नाही, रक्त काढणारासुद्धा रोज नाही, तिथल्या बाळाचं काय? याचं उत्तर याच विदर्भाच्या पूर्व टोकाला मिळालं, आणि तेही रक्ताचा थेंब न घेता.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी देखरेख केली. तुलनेसाठी ४७ गावं होती. गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका घरोघर जात. त्यांनी बघायचं काय? ओढणं कमी झालंय का किंवा थांबलंय का, रडणं क्षीण झालंय का, हातपाय लुळे पडलेत का, ओकतंय का किंवा पोट फुगलंय का, हाताला गार लागतंय का, श्वास घेताना छाती आत ओढली जातेय का, नाळ पिकलीय का. यातली कुठलीही दोन लक्षणं एकाच वेळी दिसली, की सेप्सिस समजून उपचार. पुढे मांडलेल्या विश्लेषणात, सेप्सिसने मृत्यू पावलेलं एकही बाळ या कसोटीतून निसटलं नव्हतं.

सेप्सिस स्क्रीनमध्ये दोन गोष्टी बिघडाव्या लागतात, इथेही दोनच. एकटं लक्षण फसवतं. दोन मिळाली की खात्री वाढते. प्रयोगशाळेचं जे तर्कशास्त्र, तेच या बायकांच्या हाती दिलं होतं. श्वास मोजायलाही त्यांच्यासाठी मण्यांची पाटी होती: दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, शेजारी मिनिटभराची वाळूची घडी. वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर न्यूमोनिया. काळ्या कार्डावरच्या लॅटेक्सच्या मण्यांपेक्षा मला हे मणी कमी दर्जाचे वाटत नाहीत.

जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि कोट्रायमॉक्साझोलचं पातळ औषध या बायका घरीच देत. उपचारापूर्वी सेप्सिस झालेल्या शंभरातली सोळा-सतरा बाळं दगावत. घरच्या उपचाराने ते प्रमाण २.८ टक्क्यांवर आलं. नवजात मृत्युदर हजारी ६२ होता, तो तिसऱ्या वर्षी २५.५ झाला. हेही ‘लॅन्सेट’मध्येच, १९९९ साली आलं. फ्रेंचांच्या शोधनिबंधानंतर अवघ्या सहा वर्षांनी, आणि मला कायम वाटत आलं की या दोन लेखांना एकत्र वाचायला हवं होतं. २०११ पासून देशभरच्या आशाताई ज्या घरभेटी देतात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, त्यांचं मूळ या कामात आहे. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. रिठदच्या घरांतही त्या येतात.

वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यापासून वेगळा झाला, आणि २०२४ साली वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. म्हणजे पूर्वी अकोल्याची वाट धरणारी काही रक्तं आता जवळ थांबतील. यंत्रं येतील, पट्ट्या स्वस्त होतील. मात्र रक्त काढण्याआधी कुणीतरी बाळाकडे नीट बघितलेलं असायला हवं, आणि काढल्यावर एक साधी गोष्ट करायला हवी. नळीवर नाव आणि वय असतं. मी त्याखाली रक्त काढल्याची वेळ लिहायला सांगत असे, आणि नवजात असेल तर जन्माची वेळसुद्धा. नळ्या आणणारी पोरं कंटाळायची. पण वीस तासांच्या बाळाचं प्रोकॅल्सिटोनिन चार आलं तर डॉक्टर बाळाकडे बघतील, ते ओढतंय ना ते विचारतील आणि कदाचित थांबतील. चार दिवसांच्या बाळाचं चार आलं तर त्यांनी थांबता कामा नये. कागदावर दोन्हीकडे नुसतं ‘४’ छापून येतं.